जस्ताच्या मण्यांची झिलई

धातूंच्या खोलीबाहेर एक बाकडं होतं आणि बाकड्याशेजारी प्लॅस्टिकची बादली. आत जायचं तर आधी त्या बाकड्यावर बसून बूट काढायचे, घड्याळ, अंगठी, किल्ल्या आणि खिशातली नाणी पेटीत ठेवायची, हात धुवायचे, आणि मग सावकाशबाईंच्या तोंडाकडे बघायचं. त्यांनी मान हलवली तर आत, नाहीतर बाहेर. यातून कुणाची सुटका नव्हती. एकदा एक बडे पाहुणे प्रयोगशाळा बघायला आले. मागेपुढे लवाजमा, 'या साहेब, इकडून साहेब' चाललेलं. बाईंनी त्यांचा चेहरा नीट निरखला आणि विचारलं, "तोंडाला काय लावलंत?"

पाहुणे गडबडले. "काही नाही हो... उन्हाचं क्रीम."

"धुऊन या. त्यात जस्त असतं."

लवाजम्याने श्वास रोखून धरला. पाहुणे मात्र मुकाट्याने नळावर गेले, तोंड धुऊन आले आणि आत शिरले. आत काय, तर काचेच्या बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीत पाणी, पाण्यात चिमूटभर धातू, आणि बरण्या आपल्या संथपणे डुलताहेत.

"एवढंच?" पाहुण्यांनी विचारलं.

"एवढंच," बाई म्हणाल्या, "पण चार आठवडे."

बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बरण्या डुलवण्याच्या यंत्राला कुणी हात लावला की खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून त्यांचा आवाज यायचा, "सावकाश!" त्यावरून सगळ्यांनी त्यांचं बारसं केलं. त्यांना ते ठाऊक होतं. टेलिफोन उचलून त्या स्वतःच "हो, सावकाशच बोलतेय" म्हणायच्या, आणि पलीकडचा बिचारा आपलं बोलणं आणखी हळू करायचा.

आता या बरण्यांचं एवढं काय कौतुक, असं कुणीही विचारील. रसायनांच्या धोक्यांसाठी जगभरात एक सामाईक पद्धत ठरलेली आहे. लाल कडांची तिरकी चौकट आणि आत चित्र. ज्वाळा असली तर पेट घेणारं, कवटी असली तर विषारी, मेलेला मासा आणि वठलेलं झाड असलं तर पाण्यातल्या जिवांना घातक. पिंप कुठल्याही बंदरात उतरू दे, उतरवणाऱ्याला लिहिता-वाचता येवो न येवो, चित्र त्याला कळतं. पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थांना चित्र ठरवणं त्यामानाने सोपं. धातू हट्टी. जस्ताची लगड दाराशी टाकून ठेवली तर ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच जस्ताची पिठासारखी भुकटी केली, तर ओल लागल्यावर ती पेटणारा वायू सोडते, आणि ओढ्यात सांडली तर मासे उलटे होऊन वर येतात. दोन्हींचं नाव एकच, वागणूक मात्र सख्ख्या भावंडांसारखी वेगवेगळी. त्यामुळे धातूला नुसतं नाव विचारून भागत नाही. तू लगड आहेस, दाणा आहेस की भुकटी, आणि पाण्यात पडलास की तुझ्यातलं किती पाण्यात उतरतं, हे त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं.

ते काढून घेण्याची रीत म्हणजे बाईंच्या बरण्या. ठरलेल्या आम्लतेचं पाणी घ्यायचं, त्यात तोलून धातू टाकायचा आणि हलक्या हाताने डुलवत ठेवायचं. आठवड्याने बघायचं, पाण्यात किती उतरला; मग चार आठवड्यांनी पुन्हा बघायचं. पाण्यातल्या जिवांना बाधणारी मर्यादा ओलांडली तर मासा-झाडाचं चित्र, नाही ओलांडली तर नाही. सगळी गोम त्या डुलवण्यात. डुलवलंच नाही तर धातू तळाशी झोपा काढतो. जोरात डुलवलं तर दाणा दाण्यावर घासतो, त्याचा कीस पडतो आणि कीस भुकटीसारखा वागायला लागतो. म्हणजे आपणच धातू बिघडवायचा आणि वर त्याच्यावर आळ घ्यायचा! बाईंना हे सहन होत नसे. एखाद्या गरीब माणसाची बाजू घ्यावी तशी त्या धातूची बाजू घ्यायच्या.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते लहानपणीच. त्यांचे वडील ओतशाळेत कामाला होते. घरी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वडिलांनी आणलेला जस्ताचा एक ओबडधोबड ठोकळा दाराशी ठेवलेला असायचा. आई त्यावर बसून भाजी निवडायची. धाकटा भाऊ त्याचा घोडा करायचा. आणि ओतशाळेत ज्या दिवशी जस्त वितळवायचं, त्या दिवशी वडील घरी येऊन दोन पांघरुणं अंगावर ओढून कुडकुडत पडायचे. आई म्हणायची, "धूर चढलाय यांना." सकाळी उठून ते पुन्हा ठणठणीत.

"बाबा, हा ठोकळा तुम्हाला आजारी पाडतो?" मुलीने एकदा विचारलं होतं.

"ठोकळा काय करणार गं? ठोकळा गरीब आहे. त्याचा पांढरा धूर होतो ना, तो वाईट."

"पण दोन्ही एकच आहे ना?"

वडिलांनी पांघरुणातून डोकं बाहेर काढलं. "तू शाळेत विचार," ते म्हणाले. "आणि कळलं तर मलापण सांग."

मुलीने शाळेत विचारलं, मग कॉलेजात विचारलं, आणि शेवटी विचारत राहण्याचीच नोकरी धरली.

धाकट्याने वडिलांकडून वेगळीच गोष्ट उचलली. वडील हातातलं काम पुरं झालं की ते घासूनपुसून लखलखीत केल्याशिवाय खाली ठेवत नसत. कुणी घाई केली तर म्हणायचे, "माल माझ्या हातून जातोय, त्यात माझं तोंड दिसलं पाहिजे." धाकट्याने ते मनावर घेतलं. त्याचे बूट, त्याची सायकल, त्याच्या कपाटाच्या कड्या, सगळं चकाचक. ताईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने घरातली सगळी भांडी घासून ठेवली होती, आणि पाहुण्यांना बोलावून बोलावून दाखवली होती.

पुढे त्याने स्वतःचा छोटा कारखाना काढला. वितळलेलं जस्त थेंबाथेंबाने पाण्यात पाडायचं आणि त्याचे वाटाण्याएवढे मणी करायचे. लोखंडावर जस्ताचा मुलामा देणारे कारखाने ते मणी विकत घेत. धंदा बसला, वाढला, शेजारची जागा घेऊन नवीन शेड उभी राहिली. शेडसाठी माणसं बोलून ठेवली. जुन्या ओतशाळेतून बाहेर पडलेले, वडिलांच्या हाताखाली शिकलेले काहीजण त्यांत होते. सगळा भरवसा परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकावर. आणि नेमकं त्याच गिऱ्हाइकाने विचारलं की, तुमच्या मण्यांचा धोक्याचा वर्ग कोणता? तपासून सांगा. न तपासता आम्ही त्यांना भुकटीच्या रांगेत बसवणार. मग मासा-झाडाचं चित्र, वेगळी पिंपं, वेगळं गोदाम. एवढा उपद्व्याप आम्हाला नको, आम्ही माल दुसरीकडून घेऊ.

धाकटा तडक बहिणीकडे आला. "ताई, तुझ्याकडे टाकतो तपासायला."

"माझ्याकडे नको. दुसरी प्रयोगशाळा बघ."

"बघितल्या. जिथे जातो तिथे म्हणतात, धातूचं काम असेल तर सावकाशबाईंकडे जा. आता मी त्यांना काय सांगू, की ती माझी बहीण आहे म्हणून नको?"

"हो, तेच सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, मग तर फारच छान!"

बाईंनी प्रयोगशाळेच्या संचालकांना, म्हणजे मॅडमना, सगळं आधीच सांगून टाकलं. मॅडम बाईंपेक्षा वयाने लहान, बोलायला तुटक, पण कामाला पक्क्या. त्यांनी वाट काढली. नमुन्यावर कारखान्याचं नाव नसेल, फक्त खूण असेल. बरण्या बाई लावतील, पाण्यातला धातू दुसरं कुणी मोजेल, सही मॅडमची.

खुणेच्या बाटल्या आल्या. बाईंनी एकेक उघडली. एका बाटलीचं झाकण काढलं आणि त्यांचा हात थांबला. आत मणी नव्हते, छोटे छोटे आरसेच होते. दिव्याचा उजेड प्रत्येक मण्यावर वेगळा चमकत होता. खूण असो की नसो, ही झिलई कुठल्या घरची ते बाईंना सांगायला नको होतं. त्यांना वडिलांचे हात आठवले. त्यांच्या मनात आलं, केवढं देखणं काम करतो हा!

एरवी कुठलाही नमुना आला की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "माल असाच विकता ना?" कितीतरी कारखानदार त्या प्रश्नाला वैतागायचे. त्या दिवशी नाव नसल्यामुळे प्रश्न मॅडमच्या हाती पाठवावा लागला असता. बाईंनी तो पाठवला नाही. 'दिसायला चकचकीत' असं टिपून त्यांनी मणी तोलले आणि बरणीत सोडले.

आठवड्याने पाणी मोजलं तेव्हा आकडा मर्यादेच्या वर होता. शेजारी नुसत्या पाण्याची बरणी ठेवलेली असते, काही बाहेरून मिसळलं तर कळावं म्हणून. ती स्वच्छ होती. चार आठवड्यांनी आकडा आणखी वर गेला. बाईंनी यंत्राची गती पाहिली, बरण्यांचे तळ तपासले, मण्यांवर घासल्याच्या खुणा शोधल्या. कुठेच काही नाही. मॅडमनी सही केली. मणी पाण्यातल्या जिवांना घातक. चित्र लागणार.

सुट्टीच्या दिवशी सकाळी धाकटा आला, सोबत त्याची बायको. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. खिडकीपाशी बसून डोळ्याला भिंग लावून त्यांचं काहीतरी चाललं होतं. त्यांनी भिंगासकट वर बघितलं. "या, या. चहा टाकायला सांगतो."

"चहा राहू दे, भावोजी." धाकट्याने अहवाल टेबलावर आपटला. घड्याळाचे दोन बारीक स्क्रू उडून जमिनीवर गेले आणि यजमान गुडघ्यांवर आले. "ताई, हे काय लिहिलंय?"

"पाण्यात जेवढं उतरलं तेवढं लिहिलंय."

"परक्याचा माल असता तर निदान दोनदा बघितलं असतंस!"

"परक्याचा असता तर इतक्या वेळा बघितलं नसतं."

भावजयीच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, मी तुम्हाला कधी काही मागितलं नाही. शेडमध्ये माणसं येऊन रोज विचारतात, कधीपासून यायचं? हे त्यांना काय सांगणार? थोडं खालीवर होत नसतं का हो आकड्यांत?"

"होतं ना," बाई म्हणाल्या. "ते किती होतं तेही लिहिलंय खाली."

"बघितलंस?" धाकटा बायकोकडे वळला. "मी सांगितलं होतं तुला. हिला बहीण म्हणून विचारलं की ही सावकाशबाई म्हणून उत्तर देते." मग त्याचा आवाज चढला. "आणि मी वेडा! मला वाटलं, ताईकडे माल जातोय, घराची अब्रू आहे. स्वतः उभा राहिलो. मणी वाळूबरोबर पिंपात घालून दिवसभर फिरवले. मग साबणाचं पाणी. मग मऊ फडकं, आणि फडकं मारायला मी स्वतः बसलो, कुणाला हात लावू दिला नाही! आयुष्यात इतका सुंदर माल मी कुणाला दिला नाही, आणि तू त्याला मेलेला मासा लावलास!"

बाई चहाचं भांडं उचलत होत्या. ते त्यांनी पुन्हा खाली ठेवलं.

"काय केलंस म्हणालास?"

"झिलई दिली. बाबा द्यायचे तशी."

"तू मणी असे विकतोस?"

"असे कोण विकेल? झिलईची मजुरी कोण देणार?"

"मग विकतोस ते कसे असतात?"

"कसे म्हणजे? राखाडी. मळकट. पोत्यांत पडून पडून हवा लागलेली असते. ते तुझ्याकडे पाठवू? चारचौघांत लाज काढायला?"

बाई खुर्चीत बसल्या आणि हसायलाच लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. धाकटा आणि त्याची बायको एकमेकांकडे बघायला लागले. टेबलाखालून यजमानांचा आवाज आला, "काय झालं? मला कुणीतरी सांगेल का?"

"अहो, तो मळकटपणा म्हणजे जस्ताचं पांघरूण आहे," बाई म्हणाल्या. "हवेत राहून राहून जस्तावर एक राखाडी थर चढतो. तोच त्याला पाण्यापासून सांभाळतो. यानं वाळू लावून तो थर खरवडून काढला, वरून मण्यांना बारीक कीस चिकटवला आणि मग माझ्याकडे पाठवला."

यजमान स्क्रू घेऊन वर आले. "म्हणजे पोराला स्वच्छ अंघोळ घालून उघडाबंब गारठ्यात उभं केलं, आणि सर्दी झाली म्हणून डॉक्टरशी भांडायला आला!"

धाकट्याला हसू येत नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "म्हणजे माझा नेहमीचा माल चांगला आहे?"

"ते मला माहीत नाही. तो मी बघितलाच नाही." बाईंचं हसणं थांबलं. "चूक माझीपण आहे. मी सगळ्यांना विचारते, असाच विकता का. तुझे मणी बघितले, बाबा आठवले, आणि विचारायचं राहिलं. आता परत तपासावं लागेल, नीट."

"मग आधी हा कागद फाड."

"नाही."

"आता का नाही? तूच म्हणालीस ना, चुकलं म्हणून?"

"नमुना चुकला. आकडा चुकला नाही. झिलई दिलेल्या मण्यांचं तेच खरं आहे. उद्या कुणी तसेच मागितले तर?"

"कोण मागतंय!" धाकटा उठला. "गिऱ्हाइकाला एक होकाराचा आणि एक नकाराचा असे दोन कागद दाखवू? तो काय समजेल? ताई, तू ना, तो दाराचा ठोकळा आहेस. अगदी तोच." आणि चहा न घेताच तो बायकोला घेऊन निघून गेला.

यजमानांनी बराच वेळ भिंग साफ केलं. मग म्हणाले, "ठोकळ्यामुळे दार आपटत नाही, एवढं त्याच्या लक्षात नाही आलं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मॅडमना सगळं सांगितलं. आपण प्रश्न विचारला नव्हता तेही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि आदेश दिले. पहिला अहवाल तसाच राहील, त्यावर 'झिलई दिलेले मणी' अशी नोंद होईल. नवीन नमुना पाठवलेला घ्यायचा नाही, आपल्या माणसाने जाऊन पोत्यांतून काढायचा. आणि या वेळी बरण्यांना बाई हात लावणार नाहीत.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मीच सांगणार होते," बाई म्हणाल्या.

नमुना काढायला गेला पैलवान. प्रयोगशाळेत सगळे त्याला याच नावाने ओळखत. खांदे तिरके करून दारातून आत यायचा, पण बाईंच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यामुळे बरणी अशी उचलायचा की पाण्याला कळू नये. कारखान्यात त्याने वरचं पोतं सोडलं, मधलं निवडलं, मग तळातलं निवडलं, आणि लांब नळी खुपसून मणी काढले. मुकादम फडकं घेऊन धावत आला.

"अहो थांबा, थांबा! असे नका नेऊ. जरा पुसून देतो."

"फडकं लावलंत तर मी रिकाम्या हाताने परत जाईन."

"पण मालकांचं नाव जाईल हो! बघा तरी किती मळलेत."

"मालकांचं नाव पुसण्यानेच गेलं होतं," पैलवान म्हणाला आणि बाटलीला झाकण लावलं.

पुढचे चार आठवडे सावकाशबाईंच्या आयुष्यातले सगळ्यांत लांब आठवडे. त्या आपलं दुसरं काम शेजारच्या खोलीत करायच्या आणि येता-जाता बाहेरच्या बाकड्यावर टेकायच्या. दाराला काचेची एक खिडकी होती. त्यातून बरण्या दिसायच्या, आकडे दिसायचे नाहीत. नवी शेड अजून बंदच होती. बोलून ठेवलेल्या माणसांपैकी एकाने दुसरीकडे काम धरलं, असं भावजयीने टेलिफोनवर सांगितलं. धाकटा टेलिफोनवर येत नव्हता. यजमान घरी म्हणायचे, "तू काही बोलत नाहीस, म्हणजे काळजीत आहेस. बोलत असतीस तरी काळजीत आहेस असंच म्हटलं असतं मी." बाईंनी काम करायच्या दिवशी तोंडाला पावडर लावणं नोकरी लागली तेव्हाच सोडलं होतं. आता त्या खोलीत जातही नव्हत्या, तरी पावडरीच्या डब्याला हात लागला नाही.

आठवड्याचं पाणी मोजून झालं त्या दिवशी पैलवान खोलीतून बाहेर आला. बाई बाकड्यावरून ताडकन उठल्या आणि झपाझप त्याच्याकडे गेल्या.

पैलवानाने हात वर केला. "बाई, सावकाश."

आख्ख्या व्हरांड्यात हशा पिकला. बाईसुद्धा हसल्या आणि पुन्हा जाऊन बसल्या. त्यांनी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम त्यांनीच त्याला शिकवला होता. त्याने तो आपल्यावरच वापरला, याचा त्यांना राग यायला हवा होता. त्यांना अभिमान वाटला.

चार आठवड्यांनी मॅडमनी बाईंना न सांगता आधी कारखान्यात टेलिफोन लावला, कारण अहवाल ज्याचा त्याला आधी कळायला हवा. मग त्या व्हरांड्यात आल्या. "पहिल्या आठवड्यात मर्यादेच्या खूप खाली. शेवटीही खालीच. चित्र नाही." एवढं बोलून त्या वळल्या, आणि पुन्हा मागे वळून म्हणाल्या, "बाई, आता जा आत. तुमची खोली आहे."

तासाभरात धाकटा आला. कुणी सांगायच्या आत तो बाकड्यावर बसला, बूट काढले, घड्याळ, अंगठी, किल्ल्या पेटीत ठेवल्या, हात धुतले. मग बहिणीपुढे जाऊन उभा राहिला.

बाईंनी त्याचा चेहरा निरखला.

"धुऊन आलोय," तो म्हणाला.

त्यांनी मान हलवली.

आत पैलवानाने दोन बरण्या शेजारी शेजारी काढून ठेवल्या होत्या. एकीत झिलईचे मणी. त्यांची चकाकी गेली होती, अंगावर पांढरी बुरशी धरल्यासारखी पूड होती, तळाशी पांढरा गाळ. दुसरीत मळके राखाडी मणी, पोत्यातून आले तसेच. धाकटा वाकून कितीतरी वेळ बघत राहिला. मोठ्या माणसाने बरणीपुढे असं वाकावं, हे बाईंनी पूर्वीही पाहिलं होतं. पण हा भाऊ होता.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "बाबा कुडकुडायचे तेव्हा तू त्यांना काहीतरी विचारायचीस ना? मी तेव्हा घोडा घोडा खेळत होतो. आज कळलं तू काय विचारत होतीस."

"त्यांना सांगायचं होतं मला," बाई म्हणाल्या. "कळलं तर सांग म्हणाले होते."

"मग मला सांग."

आणि बाईंनी त्याला सांगितलं, पहिल्यापासून, सावकाश.

गिऱ्हाइकाला दोन्ही अहवाल गेले. धाकट्याला वाटलं होतं की दुसरा बघून पहिल्याबद्दल शंका घेतील. घडलं उलटंच. ज्या प्रयोगशाळेने नकाराचा कागद दडवला नाही तिचा होकार आम्हाला चालेल, असं त्यांनी कळवलं. शेड सुरू झाली. दुसरीकडे गेलेला माणूसही परत आला.

पुढच्या वर्षी शेडला वर्ष झालं म्हणून धाकट्याने ताई-भावोजींना कारखाना दाखवायला बोलावलं. दाराशी तोच जुना ठोकळा दार धरून बसला होता; घर बदलताना त्याने तो आणून ठेवला होता. यजमानांनी त्याला वाकून नमस्कार केला. "या घरातला सगळ्यांत समजूतदार माणूस," ते म्हणाले. आत एका बाजूला राखाडी मण्यांची पोती रचलेली होती, साध्या खुणेची. दुसऱ्या भिंतीशी काही निळी पिंपं वेगळी ठेवलेली होती. प्रत्येकावर लाल चौकट, आत मेलेला मासा आणि वठलेलं झाड.

बाई थांबल्या. "हे काय?"

"झिलईचे मणी," मुकादम पुढे होऊन म्हणाला. "एका शोभेच्या वस्तू करणाऱ्याला चमकणारेच हवे होते. भाव पण चांगला देतोय. तो म्हणाला, चित्र काढून टाका, माल जस्ताचाच तर आहे, जस्ताला कसलं चित्र? मालक म्हणाले, चित्रासकट न्या, नाहीतर नेऊ नका."

"मी तर तुला काही सांगितलं नव्हतं," बाई धाकट्याला म्हणाल्या.

"तू लिहिलं होतंस ना. मी फाड म्हणालो, तू फाडलं नाहीस." धाकटा पिंपाकडे बघत होता, बहिणीकडे नाही. "चार दिवस घालवले त्यानं माझ्याशी वाद घालण्यात. शेवटी विचारलं, तुम्हाला एवढी खात्री कशी? मी म्हटलं, माझ्या ताईनं तपासलेत."

मुकादम हसला. "बाई, मालक हे सगळ्यांना सांगतात. पाणी भरायला आलेल्यालासुद्धा सांगतात."

बाईंनी पिंपाजवळ जाऊन एका चित्राच्या कडेवरून अंगठा फिरवला. ओल लागली की या कडा उचकटतात आणि मग बंदरात चित्र गळून पडतं. हे त्या कारखानदारांना नेहमी सांगायच्या. कड घट्ट होती. दुसऱ्या पिंपाची बघितली, तिसऱ्याची बघितली. सगळी चित्रं एका रेषेत, सरळ, एकही सुरकुती नाही, आणि वरून मऊ फडक्याने पुसलेली.